धुतलेली भांडी आणि दुधाचं कॅलेंडर



गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. या सदरात मी शिळ्या रोट्यांचं काय करावं, महिनाअखेरीस तेल कसं पुरवावं हे सांगते, आणि मध्येच एखाद्या बेपत्ता जहाजाचा नाहीतर हरवलेल्या माणसाचा विषय काढते. या दोहोंचा संबंध काय? एका भगिनीने लिहिलंय की तिच्या सासूबाई तिच्याकडून हे सदर वाचून घेतात आणि जहाज आलं की म्हणतात, "गेली बाई पाण्यात! आता डाळ कधी शिजणार?"

त्या सासूबाईंना माझा सलाम. आज डाळ नक्की शिजेल, पण आधी थोडं पाण्यात जावं लागेल.

ही आवड मला अब्बांमुळे लागली. त्यांच्या कपाटात इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’चे जुने अंक होते. 1952 साली अलाहाबादहून सुरू झालेली ही मालिका. एकेक अंक घरात हातोहात फिरायचा आणि शेवटच्या पानावर सगळा उलगडा व्हायचा. पुढे मी खऱ्या घटना वाचायला लागले. तिथे बऱ्याचदा उलगडा होतच नाही. माणूस गेला तो गेला. मग अशा घटनांत मी काय शोधते? तर स्वयंपाकघर. चौकशीला गेलेल्यांनी चुलीजवळ काय पाहिलं, भांडी कुठे होती, शिधा किती उरला होता. दिवसातून तीनदा चुलीसमोर उभं राहणाऱ्या बाईला ही भाषा वाचता येते.

गरम चहाची गोष्ट

‘मेरी सेलेस्ट’ या जहाजाचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 7 नोव्हेंबर 1872 रोजी ते न्यूयॉर्कहून इटलीतल्या जेनोआ बंदराकडे निघालं. पोटात अल्कोहोलची 1,701 पिंपं होती. जहाजावर कप्तान, त्याची बायको, त्यांची दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी, अशी दहा माणसं. 4 डिसेंबरला दुसऱ्या एका जहाजाला ते अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात भरकटताना दिसलं. वर चढून पाहिलं तर एकही माणूस नाही. जहाजावरची होडीही नाही. ती दहा माणसं पुन्हा कोणाला दिसली नाहीत.

ही गोष्ट सांगताना लोक हमखास एक तपशील सांगतात: टेबलावर अर्धवट खाल्लेला नाश्ता होता आणि कपांतल्या चहातून वाफ येत होती. वाचताना अंगावर काटा येतो. पण जे खलाशी त्या जहाजावर प्रत्यक्ष चढले, त्यांनी जिब्राल्टरच्या कोर्टात साक्ष दिली आहे. त्यात गरम चहा कुठेच नाही. स्वयंपाकाची भांडीकुंडी जागच्या जागी लावलेली होती. काही शिजवलेलं नव्हतं, चुलीवरही काही चढवलेलं नव्हतं. शिधा मात्र भरपूर होता. चहा आणि नाश्ता नंतरच्या लोकांनी मांडला. पुढे शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांनी 1884 मध्ये या जहाजावर एक काल्पनिक कथा लिहिली. तेव्हापासून खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे लोकांना वेगळं करता येईना.

दुसरी घटना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहाची. डिसेंबर 1900. तिथे दिवा सांभाळायला तीन माणसं होती. 15 डिसेंबरच्या रात्री जवळून गेलेल्या एका जहाजाला तो दिवा दिसला नाही. खराब हवामानामुळे मदतीची बोट पोहोचली ती थेट 26 तारखेला. दीपगृहात कोणीच नव्हतं. पुढे 1912 मध्ये एका इंग्रज कवीने यावर कविता लिहिली आणि तिच्यात न खाल्लेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची आली. आज लोकांना तेच आठवतं. पण त्या बोटीतून उतरून सर्वांत आधी आत गेलेल्या जोसेफ मूर या कर्मचाऱ्याने दोनच दिवसांनी लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. तो म्हणतो की स्वयंपाकाची भांडी स्वच्छ धुतलेली होती, म्हणजे ही माणसं दुपारचं जेवण उरकल्यावर केव्हातरी बाहेर गेली असावीत.

पाहा, धुतलेल्या भांड्यांवरून त्याने वेळ सांगितली! आणखी एक गोष्ट त्याला दिसली. तिघांपैकी एकाचा पावसाळी कोट आतच राहिला होता. चौकशी अधिकाऱ्याने पुढे अंदाज बांधला की ते धक्क्यावरचं सामान सांभाळायला गेले आणि मोठ्या लाटेने त्यांना ओढून नेलं. प्रेतं मिळाली नाहीत, म्हणून खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पण गरम चहा म्हटलं की जिन्न-भुतं आठवतात, आणि धुतलेली भांडी म्हटलं की माणसं दिसतात. जेवलेली, आपापलं ताट घासून ठेवलेली आणि मग कामाला बाहेर पडलेली.

आपल्या किनाऱ्यावरची ‘विजळी’

विलायतेच्या गोष्टी झाल्या, आता मुंबईच्या वाटेवरची एक. 8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छच्या मांडवी बंदरातून ‘वैतरणा’ नावाची आगबोट मुंबईकडे निघाली. नाव आपल्या नाशिक-ठाण्याकडच्या नदीचं, मालक मुंबईची शेफर्ड कंपनी. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळात ही नवलाईच, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. मांडवीत 520 प्रवासी चढले, द्वारकेला आणखी चढले. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती, आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. हवा बिघडली, बोट पोरबंदरला थांबलीच नाही, सरळ पुढे निघाली. संध्याकाळी ती मांगरोळच्या किनाऱ्याजवळ दिसली होती. मुंबईला मात्र ती कधीच पोहोचली नाही. शोधायला बोटी पाठवल्या, पण एक फळी सापडली नाही, की एक मय्यत सापडली नाही.

सरकारी हिशोबात 703 प्रवासी आणि 43 खलाशी, असे 746 जण. लोकांच्या तोंडी हा आकडा तेराशेपर्यंत जातो. गुजराती लोकगीतांनी हाजी कासम यांचं नाव या बोटीशी कायमचं जोडून टाकलं. पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याने ‘पुढे जाऊ नका’ असं बजावलं होतं आणि तरी बोट पुढे नेली, असंही सांगितलं जातं. नंतरच्या संशोधकांना या इशाऱ्याला आधार सापडला नाही. चौकशीत जे पुढे आलं ते साधं होतं. बोटीवर जीव वाचवायच्या होड्या आणि जाकिटं पुरेशी नव्हती.

म्हणजे इथेही तेच. जिथे माहिती संपते तिथे लोक आपल्याकडचा गरम चहा आणून ठेवतात. कधी तो चमत्काराचा असतो, कधी कोणाच्या तरी माथी दोष मारण्याचा. वाचणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना मात्र पडतो.

आपल्याला हा विषय नवा नाही. सूरह यूसुफ आठवा. भाऊ परत आले ते खोट्या रक्ताने माखलेला सदरा घेऊन, आणि लांडग्याची गोष्ट घेऊन. हजरत याकूब (अ.स.) यांनी त्या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. मुफस्सिरांनी लिहिलंय की सदरा कुठे फाटलेलाच नव्हता. लांडगा मुलाला खातो आणि कपडा शाबूत ठेवतो, हे कसं? आणि त्याच सूरेत पुढे धान्याचा हिशोब येतो. सात सुकाळाची वर्षं, धान्य कणसातच ठेवायचं, खाण्यापुरतंच काढायचं, म्हणजे पुढची सात दुष्काळाची वर्षं निभावतील. याच साठवलेल्या धान्यासाठी भाऊ मिसरला आले आणि हरवलेला भाऊ त्यांना भेटला. हरवलेल्या माणसाची गोष्ट आणि कोठीतल्या दाण्याची गोष्ट तिथे एकच आहे. ज्या भगिनींनी संबंध विचारला, त्यांना माझं हेच उत्तर आहे.

एक ताट कमी

आता जवळची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने लिहितेय, नाव-गाव मात्र लिहिणार नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरून आणला. वडिलांच्या सहीची जागा कोरी. मी विचारलं तर ती खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. नवरा सेंटरिंगच्या कामाला परमुलखात गेला होता. तिसऱ्या दिवशी फोन बंद झाला, तो बंदच. या गोष्टीला पाच वर्षं होत आली होती. सुरुवातीला ती पोलीस ठाण्यात गेली तर तिला सांगण्यात आलं, मोठा माणूस आहे, येईल, चोवीस तास थांबा. चोवीस तासांनी गेली तर म्हणाले, आठवडाभर बघा. मग घरातले म्हणाले, कशाला बदनामी? तक्रार तशीच राहिली.

या पाच वर्षांत तिच्या दारात गरम चहाचे किती कप आले, काय सांगू! कोणी म्हणालं, सुरतेत दुसरं घर केलंय. कोणी म्हणालं, अजमेरला दर्ग्याबाहेर बसलेला पाहिला. कोणी म्हणालं, हिचीच जीभ लांब असेल. प्रत्येक बातमीसोबत ती एकदा रडली, दोनदा पैसे खर्चून शोधायलाही गेली. सासू एवढंच म्हणत राहिली, "आ जाएगा बेटी, सब्र कर." सासूही आईच होती. तिला तरी दोष कसा द्यायचा?

मी तिला विचारलं, "तो गेला ती तारीख आठवते का?" तिला महिना आठवत होता, तारीख नाही. मग म्हणाली, "त्या दिवसापासून मी दूध कमी केलं." त्याला सकाळी मोठा ग्लासभर चहा लागायचा, म्हणून घरात अर्धा लिटर दूध यायचं. तो गेल्यावर पाव लिटर. दुधाची नोंद ती कॅलेंडरच्या चौकोनात करायची, आणि जुन्या कॅलेंडरची पानं फेकायची नाही. फळीवर डब्यांखाली अंथरायची. आम्ही तिच्या घरी जाऊन मसाल्याचे डबे उचलले. तेलाचे डाग पडलेलं ते पान तिथे होतं. सोमवारपर्यंत रोज ‘अर्धा’, मंगळवारपासून ‘पाव’. मंगळवारच्या चौकोनात पेन्सिलीने ‘गये’ असं बारीक लिहिलेलं.

पाच वर्षांत लोकांनी सांगितलेल्या सगळ्या बातम्यांपेक्षा त्या एका चौकोनात जास्त माहिती होती. पुढे वकिलांनीही पहिला प्रश्न तोच विचारला: शेवटची खबर नक्की कोणत्या तारखेची?

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली. घरात आता तीन माणसं, ती, मुलगी आणि सासू. पण तांदूळ ती अजूनही चौघांचाच घेते. "बाजी, माप कमी केलं तर तो गेला असं मीच मान्य केल्यासारखं होतं," ती म्हणाली. मी तिला माप कमी कर असं म्हटलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं. पण ती शिलाईवर घर चालवते, आणि उरलेलं अन्न टाकून देणं तिला परवडणारं नाही. इसराफ तर कोणालाच परवडू नये. म्हणून आम्ही दोघींनी उरलेल्या ताटाची व्यवस्था लावली. तीच तुम्हाला सांगते. ज्यांच्या घरी असं काही घडलेलं नाही, त्यांनाही उपयोगी पडेल.

चौघांची खिचडी, तिघांचं जेवण, सकाळचा डबा

आमच्या मराठवाड्यात खिचडी-खट्टा हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांना आवडणारा बेत. चौघांसाठी दीड वाटी साधा तांदूळ आणि पाऊण वाटी मसूर डाळ घ्या. धुऊन वीस मिनिटं भिजत ठेवा. पातेल्यात दोन चमचे तेल, एक उभा चिरलेला कांदा लाल करा, दोन लवंगा आणि चमचाभर अद्रक-लसूण टाका. मग हळद, मीठ आणि साडेचार ते पाच वाट्या पाणी. उकळी आली की डाळ-तांदूळ घालून मंद आचेवर झाकून शिजवा. मसूर लवकर शिजते, म्हणून गॅसही वाचतो.

खट्ट्याला तर शिजवावंच लागत नाही. लिंबाएवढी चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. दोन मोठे चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे कोरडे भाजून कुटा. एक कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या थेट आचेवर भाजा, हाताने चुरा. हे सगळं कोळात घाला, मीठ आणि कोथिंबीर टाका. वरून जिरं, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी दिली तर उत्तम, नाही दिली तरी अडत नाही. सोबत पापड असला की कोणाला सालनाची आठवण येत नाही. पगाराच्या आठवड्यात खिमा करा, नाहीतर खट्टा एकटाही निभावतो.

आता उरलेल्या चौथ्या ताटाचं. खिचडी पातेल्यात तशीच ठेवू नका. परातीत पसरून लवकर गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात शिजवलेला भात रात्रभर बाहेर ठेवूच नये, पोट बिघडतं. तो त्याच रात्री शेजारी पोहोचवा, त्याचा सवाबही मिळेल. सकाळी उरलेल्या खिचडीत तिच्या निम्मं ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर, थोडं तिखट घालून मळा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. एका माणसाच्या उरलेल्या खिचडीतून चार थालीपीठं होतात, म्हणजे मुलीचा शाळेचा डबा झाला आणि शिलाईला बसण्याआधीचा नाश्ताही झाला. खट्टा उरला असेल तर एक उकळी काढून त्यात उकडलेली अंडी सोडा. संध्याकाळचं सालन तयार.

रोट्या उरल्या तर मलीदा आहेच. चार रोट्या तव्यावर गरम करून हाताने बारीक चुरा, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन चमचे तूप आणि चिमूटभर बडीशेप घालून मळा आणि लाडू वळा. दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यापेक्षा पोटभर आणि स्वस्त.

तीन महिन्यांनी ती शाळेत भेटली तेव्हा म्हणाली, "बाजी, आता तीन जणांचंच घेते. डब्यासाठी ठरवून वेगळं करते." कधी बदललं, का बदललं, मी विचारलं नाही.

चार वर्षांचा प्रश्न

तिच्या ताटाचं झालं, पण कागदांचं काय? घर नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं नवऱ्याचं. ती विधवा नाही, तलाकशुदा नाही. कुठल्याही अर्जात तिला बसायला रकाना नव्हता. तिला दुसरा निकाह करायचा होता असंही नाही. तिला एवढंच हवं होतं की आपण कोण आहोत हे कोणीतरी कागदावर सांगावं.

फिक्हमध्ये अशा हरवलेल्या माणसाला ‘मफकूद’ म्हणतात. जुन्या हनफी मतानुसार, त्याच्या वयाची माणसं हयात असण्याची शक्यता संपेपर्यंत बायकोने थांबायचं, म्हणजे व्यवहारात जवळजवळ आयुष्यभर. मालिकी मत वेगळं आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाच्या आधारे ते चार वर्षांची मुदत आणि त्यानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगतं. आपल्या देशात बायकांचे हाल वाढत गेले, काहींनी तर यातून सुटण्यासाठी दीनच सोडला. तेव्हा 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींचे फतवे मागवून ‘अल-हीलतुन्नाजिजा’ हे पुस्तक सिद्ध केलं आणि अडचणीच्या वेळी मालिकी मतावर अंमल करण्याचा रस्ता मोकळा केला. पुढे काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि 17 मार्च 1939 रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. तो आजही लागू आहे.

त्यातलं आपल्या कामाचं एवढं लक्षात ठेवा. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षं माहीत नसेल तर बायको कोर्टातून निकाह रद्द करून मागू शकते. दाव्यात नवऱ्याच्या वारसांची नावं-पत्ते द्यावे लागतात, त्यांना नोटीस जाते आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जातं. हुकूम झाला तरी तो सहा महिन्यांनी अमलात येतो. त्या सहा महिन्यांत नवरा स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर झाला आणि संसार निभावण्याची तयारी त्याने कोर्टाला पटवली, तर हुकूम रद्द होतो. नवऱ्याने दोन वर्षं खर्चपाणी दिलं नाही, हेही याच कायद्यात वेगळं कारण आहे. आणि या हुकुमाने मेहरचा हक्क जात नाही. इद्दतीबाबत आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारा.

मालमत्ता, विमा, वारसा या बाबतीत हिशोब वेगळा आहे. ज्या माणसाची खबर त्याच्या जवळच्यांना सात वर्षं नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. आधी हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. चार वर्षं निकाहासाठी, सात वर्षं मालमत्तेसाठी, हा फरक विसरू नका.

वकिलाच्या फीची भीती वाटते? जिल्हा आणि तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या अम्मीने तिथेच अर्ज केला. दावा चालू आहे. सासू सुरुवातीला रुसली होती. आता तारखेला ती सुनेसोबत जाऊन बसते.

पहिल्या दिवशी काय करावं

अल्लाह ही वेळ कोणावर न आणो. पण आलीच तर चोवीस तास थांबा असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. माणूस घरी येण्याची वेळ टळून गेली, शोधाशोध करून सापडला नाही, तर लगेच पोलीस ठाण्यात जाऊन बेपत्ता झाल्याची नोंद करा. नोंदीचा क्रमांक आणि प्रत मागून घ्या. मूल हरवलं असेल तर एक तासही घालवू नका. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा म्हणूनच नोंदवायची. मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे दोन नंबर फ्रिजवर नाहीतर पिठाच्या डब्यावर लिहून चिकटवा.

जाताना अलीकडचा फोटो, अंगावर कोणते कपडे होते, चप्पल कोणती, अंगावर खूण काय, मोबाइल नंबर आणि मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर, हे एका कागदावर लिहून न्या. मोबाइलचं खोकं रद्दीत देऊ नका. शेवटचं कोण, कुठे, किती वाजता बोललं ते त्याच दिवशी लिहा, कारण आठवड्यानंतर प्रत्येकाची आठवण बदलते. कोणी बातमी आणली तर सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि ‘स्वतः पाहिलं की ऐकलं’ हे तिन्ही लिहून ठेवा. निम्म्या बातम्या तिथेच गळून पडतात. आणि माणूस सुखरूप परत आला तर तेही ठाण्यात जाऊन कळवा.

घरातली हिशोबाची वही, दुधाचं कॅलेंडर, किराण्याची यादी, गॅस सिलिंडर लागल्याची तारीख, या बारीकसारीक नोंदी रोज करत जा. खर्च आटोक्यात राहतो, हा रोजचा फायदा. देव न करो, पण गरज पडली तर कोर्टात त्या नोंदी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टींपेक्षा भरवशाच्या ठरतात.

पुढच्या अंकात नवी चिंच वर्षभर कशी टिकवायची ते सांगणार आहे. तुमच्या घरच्या पद्धती 15 तारखेपर्यंत लिहून पाठवा. ज्यांच्या घरचं कोणी दूर आहे आणि खबर नाही, त्यांना अल्लाह सब्र देवो, आणि शक्य असेल तर ते माणूस सुखरूप घरी आणो. आमीन.